१९६६ : गहू आणि बियाणे

१/१२
२४ जानेवारी १९६६. दिल्लीत इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. त्याच दिवशी आल्प्समधील माँ ब्लाँवर एअर इंडियाचे विमान कोसळून डॉ. होमी भाभा गेले. ताश्कंदमध्ये लालबहादूर शास्त्रींचे निधन होऊन जेमतेम तेरा दिवस झाले होते. वर्षाचा पहिला महिनाही अजून सरला नव्हता.

२/१२
देशाची कोठारे रिकामी होत होती. १९६४-६५ मध्ये सुमारे ८.९ कोटी टन असलेले धान्योत्पादन पाऊस रुसल्याने पुढच्या वर्षी ७.२ कोटी टनांवर घसरले. खाणारी तोंडे पन्नास कोटींच्या घरात. सोमवारी रात्रीचे जेवण सोडा, असे आवाहन शास्त्रींनी हयातीतच केले होते.

३/१२
तूट भरून निघे ती अमेरिकी गव्हाने. ‘पीएल ४८०’ या कायद्याखाली येणाऱ्या त्या गव्हाचे मोल रुपयांत चुकवता येई. डॉलर लागत नसत. १९६० चा मोठा करार अन्नमंत्री या नात्याने मुंबईच्या स. का. पाटलांनीच केला होता. मुंबई बंदरात उतरलेला तो गहू रेशनच्या पिशवीतून घरोघरी पोहोचे.

४/१२
१९६६ मध्ये सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आले. पण दोरी वॉशिंग्टनच्या हाती होती. अध्यक्ष जॉन्सन जहाजांना थोड्या थोड्या मुदतीचीच मंजुरी देत. व्हिएतनामवरील बॉम्बहल्ल्यांविषयी दिल्लीने नापसंती दर्शवली की ती मंजुरी रेंगाळे. स्वाभिमानाची किंमत पोळीत मोजावी लागत होती.

५/१२
कृषिमंत्री होते चिदंबरम सुब्रमण्यम. त्याआधी त्यांच्याकडे पोलाद खाते होते. धान्य मागण्यात उभा जन्म घालवायचा नसेल तर शेतीतही विज्ञान, खत आणि शेतकऱ्याला परवडणारा भाव आणला पाहिजे, हे त्यांनी ओळखले. डॉ. स्वामिनाथन आणि त्यांचे सहकारी मेक्सिकोतील नॉर्मन बोरलॉग यांच्या बुटक्या गव्हाच्या चाचण्या घेतच होते.

६/१२
बुटकाच गहू का? देशी गहू उंच वाढे. भरपूर खत दिले की ओंबी जड होई, काडी वाकून पीक लोळे आणि दाणा हातचा जाई. जपानच्या ‘नोरिन १०’ वाणाचा बुटकेपणा मेक्सिकन गव्हात उतरवलेला होता. त्याची आखूड, ताठ काडी खत पचवून ओंबीचा भार पेलू शके.

७/१२
सुब्रमण्यम यांनी मेक्सिकोहून १८,००० टन बियाणे मागवले. बहुतेक ‘लेर्मा रोहो’. आक्षेप रास्त होते. गहू रुपयांत मिळत असताना दुर्मीळ परकीय चलन बियाण्यावर का घालवायचे? खतासाठी पुन्हा परदेशाकडेच पाहायचे का? आणि परक्या मातीतले वाण इथे फसले तर?

८/१२
चलन किती दुर्मीळ होते, हे ६ जूनला कळले. ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांचा झाला. अवमूल्यनामागे जागतिक बँकेचा आग्रह होता आणि मोठ्या मदतीची आशा. मदत अपेक्षेहून कमी आली. खुद्द काँग्रेसचे अध्यक्ष कामराज नाराज झाले. चौथी पंचवार्षिक योजना लांबणीवर पडली.

९/१२
त्या वर्षीही पाऊस रुसला. बिहारमध्ये शेते करपली. मदतकार्यासाठी जयप्रकाश नारायण उभे राहिले. पेरलेले बी उगवून पदरात पडायला हंगाम लागतो, पोटाला तेवढा धीर नसतो. म्हणून बियाणे येत असतानाही धान्याच्या जहाजांची वाट पाहणे देशाला चुकले नाही.

१०/१२
१ नोव्हेंबरला पंजाबचे विभाजन होऊन हरियाणा जन्मले. नेमका तो गव्हाच्या पेरणीचा काळ. नकाशावर नवी सीमा उमटत होती आणि तिच्या दोन्ही अंगांना कालव्यांच्या पाण्यावर परदेशी बियाणे मातीआड होत होते. शेतकऱ्याने घराण्याचे बी बाजूला ठेवून अनोळखी दाण्यावर वर्ष पणाला लावले.

११/१२
१९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसने अनेक राज्ये गमावली. स्वतः सुब्रमण्यम तमिळ मुलखात पराभूत झाले. पुढच्या हंगामात, १९६७-६८ मध्ये, देशात सुमारे १.६५ कोटी टन गहू पिकला. दोन वर्षांपूर्वी तो १.०४ कोटी टन होता. टपाल खात्याने या गहू क्रांतीचे तिकीट काढले. तेव्हा सुब्रमण्यम मंत्रिपदावर नव्हते.

१२/१२
हे यश सर्वांच्या शिवारात पोहोचले नाही. ते पाण्यामागे गेले. कोरडवाहू महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात पुन्हा परदेशी मिलोच खाल्ली. तरीही १९६६ चा धडा उरतो. गहू स्वस्त होता, बियाणे महाग. उपाशी माणसाला आजची भाकरी द्यावीच लागते. पण त्याच ओढगस्तीत उद्याच्या पेरणीसाठी मूठभर राखून ठेवणारा पुष्कळदा कापणीला हजर नसतो.

लेखनसीमा.