पत्ता नसलेल्या चुलीचा हिशेब

एका विद्यार्थिनीची आई परवा शाळेत बोनाफाईड मागायला आली. दाखला मुलीचा, गरज गॅसची. नवी मुंबईतल्या बांधकामावर पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या या कुटुंबाकडे पत्त्याचा पुरावाच नव्हता.

अशा कुटुंबांचा आणि तुर्भ्याच्या घाऊक बाजारात मुक्काम करणाऱ्या ट्रकचालकांचा आधार म्हणजे पाच किलोचा छोटा सिलिंडर. तो पत्त्याशिवाय मिळतो, उचलायलाही सोपा. पण तो बाजारभावाने मिळतो. मुंबईत एप्रिल 2025 मध्ये 14.2 किलोचा घरगुती सिलिंडर 852.50 रुपयांचा झाला, म्हणजे किलोला साधारण 60 रुपये. छोट्यात तोच किलो महाग पडतो. ज्याचं बिऱ्हाड पाठीवर, त्यानेच जास्त मोजायचे! गल्लीत सुटा गॅस भरून घेणं तर बेकायदा आणि जिवावर बेतणारं.

स्वस्त मार्ग आहे. 10 ऑगस्ट 2021 ला सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित कुटुंबातल्या पात्र महिलेचं स्वयंघोषणापत्र पत्त्यासाठी आणि रेशनकार्डाऐवजीही चालतं. मी त्या माउलीला हे सांगितलं, तेव्हा तिला हा शब्दच नवा होता.

जकात, सदका देताना आपण शिधा देतो. तो शिजवायचा कशावर, हेही विचारू या. शेजारच्या बांधकामावर जाऊन एक अर्ज भरून देणं, ही मदतही छोटी नाही.