अरण्यात न्यायचा लहान सुरा : पाच हजार वर्षांची निवड

१/
वस्तुसंग्रहालयाच्या शस्त्रदालनात तलवारी, कट्यारी आणि बिचवे यांच्यापुढे गर्दी असते. रोज सरपण तोडणारा कोयता तिथे क्वचितच दिसतो. लढाईतले पाते जपले जाते. दिवस निभावून नेणारे पाते झिजून संपते. अरण्यात राहण्यासाठी सुरा निवडतानाही माणसाची नजर अशीच लढाईच्या पात्याकडे वळते. ही ओढ कुठून आली आणि ती कोणी मोडली, याचा हा धागा.

२/
१९ सप्टेंबर १८२७. मिसिसिपी नदीतील नॅचेझजवळच्या वाळूच्या पट्ट्यावर एक द्वंद्वयुद्ध झाले. द्वंद्व ठरलेले दोघे गोळ्या झाडूनही सुखरूप राहिले; हाणामारी जुंपली ती त्यांच्या सोबत्यांत. त्यात जबर जखमी झालेल्या जिम बोवीने आपल्या मोठ्या सुऱ्याने नॉरिस राइट याला ठार केले. वर्तमानपत्रांनी ही हकीकत दूरवर नेली आणि ‘बोवी नाइफ’ हे नाव सर्वतोमुखी झाले.

३/
मागणी इतकी वाढली की इंग्लंडमधील शेफील्डचे कारागीर खास अमेरिकी बाजारासाठी असे सुरे घडवू लागले. १८३७ मध्ये अलाबामाने आणि १८३८ मध्ये टेनेसीने त्यांना आवर घालणारे कायदे केले. बोवी स्वतः १८३६ मध्ये अलामोच्या लढाईत पडला. सुऱ्याची कीर्ती त्याच्यामागे वाढतच राहिली. काही क्षणांच्या झटापटीत गाजलेले हत्यार अशा रीतीने रानातल्या रोजच्या कामाचेही माप होऊन बसले.

४/
हे माप नाकारणारा माणूस अंगाने अगदी किरकोळ होता. जॉर्ज वॉशिंग्टन सियर्स, जन्म १८२१, मॅसॅच्युसेट्स. लहानपणीच कापडगिरणीत राबलेला, पुढे पेनसिल्व्हेनियातील वेल्सबरो येथे स्थायिक झालेला मोची. उंची जेमतेम सव्वापाच फूट, वजन सुमारे ५० किलो, आणि फुप्फुसांच्या विकाराने पोखरलेली छाती. बालपणी ज्या नॅरागॅन्सेट आदिवासीने त्याला रानाची ओळख करून दिली, त्याचेच ‘नेसमक’ हे नाव घेऊन तो लिहीत असे.

५/
१८८३ मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, सियर्सने न्यूयॉर्क राज्यातील ॲडिरॉनडॅक प्रदेशात २६६ मैलांचा जलप्रवास केला. एका सरोवरातून दुसऱ्यात जाताना तिथे होडी खांद्यावर घेऊन चालावे लागते. म्हणून जे. हेन्री रश्टन या कारागिराने त्याच्यासाठी नऊ फुटांची होडी बांधली. तिचे वजन साडेदहा पौंड, म्हणजे पाच किलोंहूनही कमी. धडधाकट माणसाला चार जास्तीच्या वस्तू पेलतात. सियर्सला प्रत्येक वस्तूचा हिशेब श्वासांत मोजावा लागत होता.

६/
१८८४ मध्ये त्याचे ‘वुडक्राफ्ट’ हे पुस्तक आले. बाजारातले शिकारी सुरे जाड, ओबडधोबड, दिसायला भयंकर आणि कामाला कुचकामी आहेत, असा त्याचा स्पष्ट अभिप्राय होता. त्याने स्वतः तीन पाती बाळगली: एक हलकी दुधारी हातकुऱ्हाड, म्यानातला पातळ पात्याचा सुरा आणि खिशातला मिटवायचा चाकू. लाकूड कुऱ्हाडीने तोडायचे. कातडे सोलणे, मांस कापणे आणि जेवणे म्यानातल्या सुऱ्याने.

७/
हे पुस्तक मनावर घेणाऱ्यांपैकी एक होता ग्रंथपाल. होरेस केफार्ट, जन्म १८६२, सेंट लुइस येथील मर्कंटाइल लायब्ररीचा प्रमुख. मद्यपान आणि मानसिक आघात यांत त्याचे नागर आयुष्य कोसळले. १९०४ मध्ये पत्नी व सहा मुलांपासून दुरावलेला हा माणूस नॉर्थ कॅरोलायनाच्या ग्रेट स्मोकी पर्वतरांगांत येऊन राहिला. दोनच वर्षांनी त्याचे वनजीवनावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. ते त्याने दिवंगत नेसमकला अर्पण केले होते.

८/
केफार्टचा कौल असा: पाते साडेचार-पाच इंचांचे, पातळ, मूठ लाकडाची, साधी. त्याने स्वतः आखलेला सुरा पेनसिल्व्हेनियातील कोलक्लेसर बंधूंनी घडवला. मुक्कामावर सुऱ्याची गाठ पडते ती काटक्या, मांसाचे काप, बटाटे आणि दोरी यांच्याशी. शहर सोडून आलेल्या माणसाला रानात शौर्य गाजवायचे नव्हते. त्याला दुसऱ्या दिवशीची चूल पेटवायची होती.

९/
यामागचे शास्त्र सोपे आहे. पाते म्हणजे पाचर. पाचर जितकी जाड, तितकी ती वस्तू कापण्यापेक्षा फाकवते. जाड पात्याने टोमॅटो चिरडतो, मासा फाटतो, लाकडाचा पातळ छिलका नीट निघत नाही. पातळ पाते कमी जोरात खोल जाते आणि त्याला धार लावणेही सोपे. मोठ्या पात्याचे टोक बोटांपासून दूर राहते, म्हणून बारीक कामात ताबा सुटतो. चार-पाच इंचांचे पाते हाताच्या आज्ञेत असते.

१०/
मग मिटवायचा चाकूच का नको? कारण त्याचा सांधा. जोर पडतो तो तिथेच. चिखल, रक्त, बर्फ साचतात तेही तिथेच. अखंड सुऱ्यात पात्याचेच पोलाद मुठीत शिरलेले असते. ते मुठीच्या टोकापर्यंत पूर्ण रुंदीचे असलेच पाहिजे, असा आज आग्रह धरला जातो. परंतु फिनलंडच्या परंपरागत ‘पुक्को’ सुऱ्यात मुठीच्या आत पोलादाची केवळ अरुंद पट्टी असते. त्यावर त्या देशाच्या पिढ्या थंडीत लाकूड कोरत आल्या.

११/
आता काळ एकदम मागे नेऊ. १९ सप्टेंबर १९९१ रोजी, म्हणजे योगायोगाने बोवीच्या त्या झटापटीच्याच तारखेला, इटली-ऑस्ट्रिया सीमेवर ३,२१० मीटर उंचीवर वितळत्या बर्फात दोन गिर्यारोहकांना एक मृतदेह दिसला. तो निघाला पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा: आज जगाला ठाऊक असलेला ‘ओत्झी’. त्याच्याजवळ तांब्याच्या पात्याची कुऱ्हाड होती. आणि एक सुरा: मुठीसह अवघा १३ सेंटिमीटर, चकमकीच्या दगडाचे पाते, ॲश लाकडाची मूठ, लिंडेन झाडाच्या सालीचे विणलेले म्यान.

१२/
त्याच्याजवळ पेन्सिलीसारखे दिसणारे आणखी एक साधन होते: लिंडेनच्या काठीत बसवलेले हरणाच्या शिंगाचे टोक. त्याने दगडी पात्याच्या कडेचे बारीक टवके काढून नवी धार आणता येई. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की त्याची दगडी हत्यारे पुन्हा पुन्हा धार लावून पार झिजली होती आणि नवा दगड त्याला बरेच दिवस मिळाला नव्हता. सुऱ्याचे टोकही तुटलेले होते. तो तसाच सुरा त्याने जपला, कारण दुसरा नव्हता.

१३/
ओत्झीचा मृत्यू डाव्या खांद्यात मागून घुसलेल्या बाणाने झाला. त्या बाणापुढे हातभर लांब खंजीरही व्यर्थच ठरला असता. त्याच्या लहान सुऱ्याने जे राखले ते त्याआधीचे दिवस: कापलेले मांस, तासलेली काठी, दुरुस्त केलेली वस्तू. जगणे बहुतांशी अशाच कामांचे बनलेले असते.

१४/
ओत्झी, सियर्स आणि केफार्ट. तिघांचाही सुरा लहान, आणि तिघांजवळही कुऱ्हाड. पातळ पाते त्यांना परवडले ते या जोडीमुळे. म्हणून निवडीचा पहिला प्रश्न असा: सोबत दुसरे काय आहे? कुऱ्हाड किंवा कोयता असेल तर सुरा पातळ, चार इंचांच्या आसपास पुरे. एकच पाते न्यायचे असेल, तर थोडी जाड पाठ घेणे शहाणपणाचे. पण मग त्याने काप नाजूक निघणार नाहीत, हे मान्य करूनच.

१५/
दुसरा प्रश्न: त्याला धार लावता येते का? साधे कार्बन पोलाद लहानशा दगडावर चटकन धार घेते, मात्र पुसून कोरडे ठेवले नाही तर गंजते. स्टेनलेस पोलाद गंजाला दाद देत नाही. पण त्याचे काही कठीण प्रकार धार लावताना वेळ खातात. तिसरा प्रश्न: ओल्या, गारठलेल्या हातात मूठ टिकते का, आणि पडलो-धडपडलो तरी सुरा म्यानातच राहतो का? या प्रश्नांची उत्तरे दुकानाच्या काचेतून मिळत नाहीत. एक काठी तासून मिळतात.

१६/
सियर्स १८९० मध्ये गेला. केफार्ट पुढे ज्या पर्वतांनी त्याला सावरले त्यांच्या रक्षणासाठी झटला. १९३१ मध्ये मोटार अपघातात त्याचा अंत झाला. ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यान १९३४ मध्ये साकार झाले आणि तिथल्या एका शिखराला त्याचे नाव आहे. बोवीचा सुरा आजही चित्रपटांत तळपतो. रानात मुक्काम करणाऱ्याच्या हातात मात्र बहुधा आजारी मोच्याने आणि मोडलेल्या ग्रंथपालाने निवडलेलेच पाते असते.

(धागा समाप्त)