दोऱ्याला साडेसातशे तास कशाला?

प्रति,
परवाना व नियमन विभाग,
टेक्सास राज्य, ऑस्टिन



डॅलसच्या आसपासच्या एखाद्या मॉलमध्ये आयब्रो करायला बसलं की समोरची मुलगी बहुतेक वेळा आमच्या उपखंडातलीच निघते. कुणी नेपाळची, कुणी गुजरातची, कधी चक्क नाशिकची. रिळाचा दोरा हातभर ओढून ती एक टोक दातात धरते, बोटांवर पीळ देते आणि म्हणते, "डोळा ताणून धरा." आपण एक बोट पापणीवर आणि एक भुवईच्या वर ठेवून कातडी ताणायची. पाच-सात मिनिटांत दोन्ही भुवया होतात. ना मेण, ना ब्लेड, ना कुठलं रसायन. शेवटी जरासं कोरफडीचं जेल, झालं. घराच्या पुढच्या खोलीत पडदा लावून चालणाऱ्या पार्लरांतून, वहिनीकडून नणंदेकडे आणि मावशीकडून भाचीकडे गेलेलं हे थ्रेडिंगचं कसब आहे.

त्याच कामासाठी आपण साडेसातशे तासांच्या प्रशिक्षणाची आणि परीक्षांची अट घातली होती. ही अट मुळात फेशियल, वॅक्सिंग करणाऱ्यांसाठीची. त्या अभ्यासक्रमात थ्रेडिंग शिकवण्याची सक्ती नव्हती. म्हणजे काही हजार डॉलर फी भरायची, महिनोन्‌महिने पगारावर पाणी सोडायचं, आणि जे काम करायचं ते सोडून बाकी सगळं शिकायचं. हातावर पोट असलेल्या बाईला हे कसं परवडणार?

2009 साली थ्रेडिंगच्या व्यवसायातली काही माणसं आपल्याविरुद्ध कोर्टात गेली. खालच्या दोन्ही कोर्टांत ती हरली. 26 जून 2015 रोजी टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. (अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा समलिंगी विवाहाचा निकालही त्याच दिवशी लागला. वर्तमानपत्रं त्यानेच भरली आणि हा निकाल कोपऱ्यात गेला.) 750 पैकी 710 तास आमच्या कामाशी संबंधित नाहीत, असं अर्जदारांचं म्हणणं होतं. ते बाजूला ठेवा; जवळजवळ 320 तास गैरलागू असू शकतात, हे तर सरकार पक्षानेच मान्य केलं होतं. एवढं ओझं राज्यघटनेत बसत नाही, असं न्यायालय म्हणालं. तत्कालीन सरन्यायाधीश नेथन हेक्ट यांच्यासह तिघांचं मत वेगळं पडलं. असे निर्णय विधिमंडळाने घ्यायचे, न्यायालयाने नव्हे, हा त्यांचा मुद्दा हलका नाही. पण मग विधिमंडळाने आणि आपण ते काम करायला हवं होतं.

निकालाचा मला मनापासून आनंद झाला. तरीही नियमच नकोत, असं म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी उभी राहणार नाही. तो दातातला दोरा आठवा. थुंकी लागलेला दोरा दुसऱ्याच्या कातडीवर फिरतो, केस मुळासकट निघताना बारीक छिद्रं उघडी पडतात. तोच दोरा पुढच्या बाईला वापरला, तर चामखिळीसारखा संसर्ग एकीकडून दुसरीकडे जाऊ शकतो. उपाय स्वस्त आणि सोपा आहे: प्रत्येकीला नवा दोरा, धुतलेले हात, आणि टोक दाताऐवजी मानेला अडकवणं. हे शिकवायला किती तास लागतात, ते आपणच सांगा.

तासांच्या आकड्याने गिऱ्हाईक सुरक्षित होतं असं मानणाऱ्यांनी वॉटसनव्हिल आठवावं. कॅलिफोर्नियातल्या या गावात 2000 साली एका नेल सलूनमध्ये पाय बुडवून बसलेल्या शंभराहून अधिक जणींच्या पोटऱ्यांवर जिवाणूंमुळे गळवं उठली. टबाचं पाणी ओढून घेणाऱ्या जाळीमागे केस आणि कातडीचा गाळ साचला होता आणि तो कुणी काढतच नव्हतं. नखांच्या कामाला तिथेही परवाना सक्तीचाच होता. त्या जाळीमागे डोकावणारा निरीक्षक मात्र हवा होता.

याचं दुसरं टोक माझ्या माहेरी, महाराष्ट्रात आहे. तिथे ब्युटिशियन व्हायला राज्याचा कसलाही परवाना लागत नाही. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, पण तो करायचा की नाही ही ज्याची त्याची मर्जी. मोजकीच माणसं कामाला असतील, तर दुकान कायद्याखाली नुसती सूचना दिली की भागतं. म्हणून कुणा गरजू बाईला दोन खुर्च्या आणि एक आरसा मांडून संसाराला हातभार लावता येतो, याचं मोल मी जाणते. पण 2023 मध्ये अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींना, आई आणि दोन मुलींना, गोरेपणाच्या क्रीममुळे मूत्रपिंडाचा विकार जडल्याची बातमी आली. क्रीममध्ये पारा निघाला, तोही मर्यादेच्या किती तरी पट. अशी क्रीमं पार्लरांतूनही विकली जातात. डबीवर उत्पादकाचं नाव आणि परवाना क्रमांक आहे का, एवढं बघण्याची सवय तिथल्या पार्लरवालीला कुणी लावलेली नाही.

आपल्या विभागाकडे निरीक्षक आहेत, कायदा आहे, पैसाही आहे. 2015 चा निकाल थ्रेडिंगपुरता होता. फेशियल करणारीला आजही साडेसातशे तास भरावे लागतात. माझी विनंती एवढीच, की न्यायालयाने दोऱ्याबद्दल विचारलेला प्रश्न आपण स्वतःहून आपल्या प्रत्येक अभ्यासक्रमाला, तासागणिक विचारावा: यातून गिऱ्हाइकाच्या कातडीचं, डोळ्याचं, रक्ताचं रक्षण होतं का? होत असेल तो तास ठेवा आणि नीट शिकवा. होत नसेल तो काढून टाका, आणि वाचलेलं बळ अचानक तपासण्यांवर लावा.

आपली,
टेक्सासमधली एक मराठी रहिवासी