गाण्यांच्या मधलं

दिवाळीच्या आधी घर आवरायला म्हणून दोन दिवस लवकर पुण्याहून घरी गेलो आणि नेहमीप्रमाणे आवरण्यापेक्षा पसाराच जास्त केला. माळ्यावर बुटांचं एक खोकं निघालं. त्यात अकरा कॅसेटी. पाठीवर माझ्या पाचवीतल्या अक्षरात "रेडिओ 1", "रेडिओ 2" असं करत अकरापर्यंत. आई म्हणाली, "टाक ना आता ते, कशाला हवंय?" टाकलं नाही. आणि बऱ्याच शनिवारांनी इथे लिहायला विषय मिळाला.

(शहराचं नाव 2023 पासून छत्रपती संभाजीनगर आहे. ही गोष्ट बरीचशी त्याच्या आधीची, म्हणून तेव्हाची नावं तेव्हाचीच ठेवतो. त्यावरून भांडू नका, मंडळी.)

मोंढा नाक्याजवळ आमचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. जळालेली मोटार यायची, बाबा जुनी तार काढायचे, वेढे मोजायचे, नवी तांब्याची तार भरायचे, वार्निश लावून वाळवायचे. मोटारी मुख्यतः विहिरीवरच्या, म्हणजे उन्हाळा हा आमचा सीझन. दुकानात एक जुना रेडिओ होता, फक्त मीडियम वेव्हचा. त्यावर 1305 किलोहर्ट्झला परभणी केंद्र लागायचं, तेही हवेची मर्जी असेल तर. पण कोणी हातग्राइंडर चालू केला रे केला की बातम्या, भावगीत, शेतीचा सल्ला, सगळ्याचं एकच खर्रर्र व्हायचं.

हे असं का होतं ते मला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला कळलं. ग्राइंडरच्या कार्बन ब्रशमधून ठिणग्या उडतात आणि प्रत्येक ठिणगी म्हणजे एक फुकटचा ट्रान्समीटर असतो. मीडियम वेव्हवर आवाज लहरीच्या उंचीत भरलेला असतो. ठिणगी नेमकी तीच उंची बिघडवते, आणि खरा आवाज कुठला आणि ठिणगीचा कुठला हे बिचाऱ्या रेडिओला कळत नाही. एफएममध्ये आवाज असतो लहरीच्या वारंवारितेत. त्यामुळे उंचीतला सगळा चढउतार रिसीव्हर सरळ छाटून टाकू शकतो. एडविन आर्मस्ट्राँग नावाच्या अमेरिकन इंजिनिअरला याची पेटंटं 1933 मध्ये मिळाली. त्यानंतर मोठ्या कंपन्यांशी कोर्टकचेऱ्या करण्यात त्याची वर्षं गेली आणि 1954 मध्ये त्याने आत्महत्या केली. बाबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. शेजारच्या टायरवाल्याकडे एफएम ऐकून ते एवढंच म्हणाले, "याच्यावर ग्राइंडर येत नाही." दुसऱ्या दिवशी घरातला टू-इन-वन दुकानात.

साल 2008 असावं, कारण मी पाचवीत होतो. देशातलं पहिलं खासगी एफएम जुलै 2001 मध्ये बंगळुरूत सुरू झालं होतं, पण आमच्यासारख्या शहरापर्यंत ते यायला मधे एक हिशेब सुधारावा लागला. सुरुवातीच्या परवान्यांची फी ठरीव होती आणि दरवर्षी 15 टक्क्यांनी वाढायची, मग जाहिराती मिळोत न मिळोत. 2005 च्या धोरणात ती कमाईच्या 4 टक्क्यांवर आणली गेली. मग 91 शहरं लिलावात आली, आणि आमच्याकडे दोन-तीन वर्षांत 98.3 वर रेडिओ मिर्ची आणि 93.5 वर रेड एफएम वाजायला लागले. मला तेव्हा वाटलं होतं की कुणालातरी आमचं शहर आवडलं. तर ते तसं नव्हतं, आमचं शहर परवडायला लागलं होतं.

पण काय धमाल होती! रेडिओवरचं माणूस आपल्यासारखं बोलतं हेच आधी खरं वाटेना. एका वाक्यात हिंदी, मराठी आणि मधेच "हौ" आणि "नक्को". पैठण गेटची गर्दी, निराला बाजारची खरेदी, सिडकोतला पाऊस (जो बरेचदा शहागंजात नसतो). आणि पाणी. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. 2011 च्या धोरणात मात्र केंद्राने काही गोष्टी "बातमी नाही" म्हणून मोकळ्या केल्या: वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, वीज आणि पाणीपुरवठ्याच्या सूचना वगैरे. आठ-आठ दिवसांनी नळ येणाऱ्या शहरात पाणी ही बातमी नाही, हे ज्याने लिहिलं त्याला एकदा आमच्या गल्लीत मुक्कामाला ठेवायला पाहिजे. :)

तर माझं काम असं. शाळा सुटली की दुकानात यायचं, टू-इन-वनसमोर बसायचं, प्ले आणि रेकॉर्ड दोन्ही बटणांवर बोटं ठेवायची. गाणं सुरू झालं की दाबायचं. आरजेने तोंड उघडलं की बंद करायचं. यात मी इतका तरबेज झालो होतो की आरजेने बोलायच्या आधी घेतलेला श्वास ऐकून माझं बोट उचललं जायचं. कॅसेट महाग नव्हती, पण बाबांकडे मागावी लागायची. त्यामुळे बडबडीवर एक सेंटीमीटर टेप घालवणं मला पाप वाटायचं.

या दिवाळीत त्या अकरा कॅसेटी ऐकल्या. सगळी गाणी. एकही असं नाही जे आज फोनवर दहा सेकंदांत लागणार नाही, आणि माझ्या टेपपेक्षा शंभरपट स्वच्छ. जे परत कुठेही मिळणार नाही, म्हणजे त्या मंगळवारी पैठण गेटवर काय झालं, कुणी कुणाला गाणं पाठवलं, टीव्ही सेंटरच्या कुठल्या काकूंनी फोन करून आरजेलाच झापलं, ते सगळं मी स्वतःच्या बोटाने कापून टाकलं होतं. अकरा कॅसेटी भरून.

यातली खरी गंमत (गंमत म्हणजे आता काय म्हणावं) पुढे आहे. मी नोकरी करतो तिथे ऐकायच्या अॅपचं काम चालतं. मागच्या वर्षी मी एक मोड्यूल लिहिलं. ध्वनिफीत घ्यायची, माणसाच्या बोलण्याचे तुकडे ओळखायचे आणि गाळायचे. अप्रेझलमध्ये त्याचं कौतुकही झालं. पाचवीत जे बोटाने करत होतो ते आता पगार घेऊन करतो.

आमच्या शहरात रेडिओ तेव्हाच पहिल्यांदा आला अशी माझी समजूत होती. आजोबा म्हणायचे, "अरे, आपल्या गावाचा रेडिओ तुझ्या बापाच्याही आधीचा आहे." मला वाटायचं, म्हातारा माणूस, रेडिओ सेटबद्दल बोलत असेल. ते केंद्राबद्दल बोलत होते हे फार उशिरा कळलं.

औरंगाबाद तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, त्यातल्या मराठी मुलखाचं मोठं शहर. संस्थानाचं स्वतःचं रेडिओ खातं होतं. मुख्य केंद्र हैदराबादला आणि दुसरं लहानसं केंद्र औरंगाबादला. स्वातंत्र्याच्या वेळी भारताच्या वाट्याला ऑल इंडिया रेडिओची सहा केंद्रं आली: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली. संस्थानांची पाच वेगळी होती: म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदा, हैदराबाद आणि औरंगाबाद. म्हणजे 15 ऑगस्ट 1947 ला आजच्या महाराष्ट्रातल्या दोनच गावांत रेडिओ केंद्र होतं, मुंबई आणि आमचं. नागपूरचं 1948 मध्ये आलं, पुण्याचं 1953 मध्ये. (पुण्यातल्या रूममेटला हे मी तीनदा ऐकवलंय. तो आता हेडफोन लावतो.)

17 सप्टेंबर 1948 ला निजामाने शरणागती जाहीर केली तीसुद्धा रेडिओवरूनच, हैदराबादहून. आजोबा तेव्हा तेरा वर्षांचे. गुलमंडीवर एका दुकानासमोर ही गर्दी, आणि उर्दू कळणारे न कळणाऱ्यांना सांगतायत, असं ते सांगायचे. मग 1 एप्रिल 1950 ला संस्थानी केंद्रं ऑल इंडिया रेडिओने ताब्यात घेतली, त्यात औरंगाबादचंही घेतलं. आणि पन्नाशीच्या दशकातच ते बंद झालं. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला तेव्हा त्याच्याकडे स्वतःचा आवाज नव्हता. पुढे परभणी केंद्र आलं, आणि पुढे कधीतरी आकाशवाणी औरंगाबादलाही परत आली. आज ती 101.7 वर ऐकू येते.

मधल्या वर्षांबद्दल आजोबांची तक्रार नव्हती. लोक मुंबई लावायचे, रात्री सिलोन लावायचे. 1952 नंतर तर सिलोनच, कारण आकाशवाणीवर सिनेसंगीत जवळपास बंद झालं होतं आणि तिकडे अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली होती. गाण्यांची उणीव शहराला कधीच पडली नाही. फक्त गाण्यांच्या मधे जो बोलतो तो दुसऱ्या गावाचा झाला. आजही लहान शहरांच्या एफएमवर बरेच कार्यक्रम एका ठिकाणी तयार होऊन अनेक शहरांत वाजतात. माणूस छान बोलतो, पण त्याला सिडकोत पाऊस पडतोय की नाही हे ठाऊक नसतं.

आजोबांना मी एक प्रश्न कधीच विचारला नाही. त्या जुन्या केंद्रावर मधे कोण बोलायचं, आणि कसं बोलायचं? त्या काळी कार्यक्रम थेट व्हायचे. बोललं की हवेत गेलं. ज्यांच्या कानांत उरलं होतं त्यांच्यातले एक 2016 पर्यंत आमच्याच घरात होते.

असो. आता "रेडिओ 7", बाजू बी.

त्यात मधेच माझं बोट उचललेलं नाही, कारण फोनवर बाबा होते. दुकानाच्या लँडलाइनवरून त्यांनी फोन लावला होता, आई-बाबांच्या लग्नाचा वाढदिवस म्हणून. लागेल असं त्यांना वाटलंच नव्हतं.

आरजे विचारतो, काका, कुठून? बाबा म्हणतात, मोंढा नाका, मोटार वाइंडिंग. म्हणजे नक्की काय करता? बाबा म्हणतात, "लोक जाळतात, आम्ही भरतो." आरजे हसतो. गाणं कुणासाठी? "घरच्यांसाठी." नाव काय घरच्यांचं? इथे चार सेकंद काहीच नाही, मागे फक्त कुणाची तरी लूना जाते. मग बाबा म्हणतात, "त्यांना माहीत आहे." गाणं सुरू होतं आणि आठ सेकंदांत खटकन बंद. ते गाणं माझ्याकडे "रेडिओ 4" वर आधीच होतं ना.

सगळं मिळून एक मिनिट पन्नास सेकंद.

बाबांना 2021 मध्ये अर्धांगवायूचा झटका आला. चालणं परत आलं, बोलणं तितकंसं आलं नाही. शब्द त्यांना दिसतो, तोंडाशी यायला वेळ लागतो. दुकान भाड्याने दिलंय.

टू-इन-वनचा पट्टा वितळून चिकट झाला होता. जाधववाडीच्या एका रिपेअरवाल्याकडून दुसरा बसवून घेतला. हेडफोनच्या भोकातून वायर लॅपटॉपला जोडली आणि ऑडॅसिटीत रेकॉर्ड केलं. बाबांचा आवाज बारीक आणि घाईघाईचा येत होता. नवा पट्टा थोडा वेगाने फिरवत होता हे उघड होतं, पण किती वेगाने? मग सुचलं की त्या टेपमध्ये विजेची गुणगुण भरलेली आहे. विजेची गुणगुण म्हणजे 50 हर्ट्झ. ग्राफ काढला तर शिखर 51.5 वर. म्हणजे टेप तीन टक्के जोरात पळतेय. स्पीड तीन टक्के कमी केला आणि स्वतःवर भलताच खूश झालो.

बाबा कॉटवर बसून बघत होते. मी लावलं. त्यांनी ऐकलं आणि मान हलवली, नाही.

"बाबा, बरोबर आहे. पन्नास धरून सरळ केलंय."

त्यांनी परत मान हलवली. पडद्यावरच्या शिखरावर बोट ठेवलं. "एकोण..." म्हणाले आणि थांबले. मी वाट बघितली. आत आई करंज्यांचं सारण परतत होती.

"एकोणपन्नास."

2008. भारनियमनाचे दिवस. मागणी जास्त, वीज कमी, आणि ग्रिडची फ्रीक्वेन्सी पन्नासच्या खाली ओढलेली. दोन पोलची मोटार पन्नासवर मिनिटाला 3000 चे फेरे धरते, एकोणपन्नासवर 2940. भरलेली मोटार टेस्टिंग बोर्डवर फिरवून बघणाऱ्या माणसाला हे कागदावरून नाही, कानाने कळायचं. मी इंजिनिअर असून पुस्तकातला पन्नास धरून बसलो होतो.

एकोणपन्नास धरून परत केलं. आवाज किंचित खाली उतरला, जड झाला. लोक जाळतात, आम्ही भरतो. आईने गॅस बंद केला आणि पदराला हात पुसत दारात आली. चार सेकंद, लूना, "त्यांना माहीत आहे."

"हां, असे बोलायचे," आई म्हणाली.

बाबांनी परत लावायची खूण केली.