न चावणारी चप्पल

गेल्या दसऱ्याला माझ्या मुलाने कोल्हापुरी चपला आणल्या आणि जीन्सवर घालून तो घरभर करकरत फिरू लागला. जून २०२५मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानमध्ये याच घाटाच्या चपला मांडल्या, तेव्हा कोल्हापूरचे नाव न घेतल्याबद्दल आपल्याकडे केवढा संताप उसळला! २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली ही चप्पल नव्या पिढीला बहुधा त्या वादातूनच भेटली.

बाबा खुर्चीतून पाहत होते. नाशिकच्या मेन रोडवरून गोदाघाटापर्यंतची त्यांची रोजची रपेट धोतर आणि कोल्हापुरी या वेषातच होई. ते म्हणाले, "मलाही एक जोड आणा."

मी नाही म्हटले. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

वीस वर्षांच्या मधुमेहाने बाबांच्या तळपायांची संवेदना उणावली आहे. मागे एकदा चपलेतला खडा त्यांना दिवसभर जाणवला नाही. रात्री चादरीवरचे रक्त मला दिसले. नवी कोल्हापुरी चावते, हे आपण हसत सांगतो. पूर्वी बाबा तिला तेल चोळत, आठवडाभर कळ सोसत आणि मग ती पायाची होई. आता ती त्यांना चावणारच नाही, आणि मला भीती वाटते ती याचीच. अंगठ्याची कडी कातडी सोलेल आणि त्यांना पत्ता लागणार नाही. शिवाय मागे पट्टा नाही, तळ सपाट. ओल्या फरशीवर पाय सटकायला कितीसा वेळ लागतो?

तोड मुलाने काढली. संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात, म्हणून त्याच वेळी माप घेऊन त्याने सैल, मऊ कातड्याचा जोड आणला. करार असा ठरला : चालताना मागे पट्टा असलेली, रुंद आणि मऊ तळाची सँडल; कोल्हापुरी फक्त बसल्या जागी, अर्धा तास. घालण्यापूर्वी आत हात फिरवायचा, काढल्यावर बोटांच्या बेचक्यांसकट पाऊल पाहायचे. खाली वाकणे बाबांना जमत नाही, ते काम नातवाचे.

पाडव्याला मी बाबांना ओवाळले. धोतर, टोपी, पायांत कोल्हापुरी. निरांजन खाली ठेवताना माझी नजर त्यांच्या अंगठ्याकडे गेली. त्यांच्या ते लक्षात आले.

"बघ, बघ," ते म्हणाले, "अजून दहा मिनिटं आहेत माझी."