पोपटाच्या आतला माणूस

निराकाराची उपासना सामान्य माणसाला कधीच फारशी मानवलेली नाही. ब्रह्म निर्गुण आहे हे तो कीर्तनात मान डोलावून ऐकतो. परंतु घरी परतल्यावर त्याला देव्हाऱ्यात बोटभर का होईना, मूर्ती ही लागतेच. मनुष्यस्वभावाचे हे मर्म आमच्या संतांना जितके ठाऊक होते तितकेच ते हल्लीच्या व्यापारी मंडळींनाही ठाऊक झालेले दिसते. संगणकाची आज्ञावली, जिला आपण सर्वजण सॉफ्टवेअर म्हणतो, ही तर निर्गुणाची परमावधी! तिला रंग नाही, वास नाही, वजन नाही. ती पुडीत बांधून देता येत नाही की काचेच्या कपाटात मांडून ठेवता येत नाही. मग ती लोकांच्या गळी उतरवावी कशी? यावर निघालेला तोडगा म्हणजे तिला एखादा गोजिरवाणा मुखवटा चढविणे. मुलुंडहून लोकलने घाटकोपर आणि तेथून मेट्रोने अंधेरी, असा माझा महाविद्यालयाचा रोजचा रस्ता. या रस्त्यात माझ्याकडे पाहून जितकी माणसे हसत नाहीत तितकी चित्रे हसतात. कुणी अस्वल, कुणी घुबड, कुणी चष्मा लावलेले यंत्रबालक. आणि प्रत्येकाची विनंती एकच, की मला आपल्या फोनमध्ये घ्या!

चित्रांशी माझे काही वैर आहे असे मात्र वाचकांनी समजू नये. या कलेत आमच्या मुंबईचा लौकिक मोठा आहे. 1946 साली एअर इंडियाचे बॉबी कूका आणि जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरातसंस्थेतील चित्रकार उमेश राव यांनी भरघोस मिशांचा तो लवून नमस्कार करणारा महाराजा जन्माला घातला. 1954 साली आर. के. लक्ष्मण यांनी एशियन पेंट्ससाठी रंगाचा डबा आणि ठिबकता ब्रश घेतलेला खट्याळ गट्टू काढला; त्या कंपनीचा कारखाना आमच्या शेजारी भांडुपलाच असल्यामुळे गट्टू आम्हांला आमच्याच आळीतला पोर वाटे. 1966 साली सिल्व्हेस्टर डाकुन्हा आणि युस्टेस फर्नांडिस यांनी अमूल लोण्याची ती ठिपक्यांच्या झग्यातली मुलगी मुंबईच्या फलकांवर आणली. दूरदर्शनवर लिज्जत पापड कुरकुरत खाणारा ससा तर रामदास पाध्ये यांच्या कुशल हातांनी घडलेला.

ही सारी मंडळी आपली पायरी ओळखून होती. ती मालाकडे बोट दाखवीत, चार घटका करमणूक करीत आणि बाजूला होत. लोण्याला वास आला तर आपण वाण्याकडे जात होतो, त्या मुलीकडे नव्हे. भिंतीचा रंग पोपडे धरू लागला तर दुकानदाराशी भांडत होतो, गट्टूशी नव्हे. मी तुमचे गाऱ्हाणे ऐकतो असे यांच्यापैकी कोणी कधी म्हटले नाही. चित्र ते चित्र आणि माणूस तो माणूस, हा विवेक तेव्हा दोन्ही बाजूंनी पाळला जात असे.

तो मोडला संगणकाने. स्टॅनफर्ड विद्यापीठातील बायरन रीव्हज आणि क्लिफर्ड नास या दोन प्राध्यापकांनी प्रयोग करून दाखविले, की माणूस यंत्राशीही नकळत माणसासारखाच वागतो. एखाद्या संगणकाच्या कामगिरीविषयी त्याच संगणकावर मत विचारले तर तो भिडेखातर बरे बोलतो. तेच दुसऱ्या संगणकावर विचारले तर अधिक मोकळेपणाने बोलतो. या विचाराच्या आधारे मायक्रोसॉफ्टने 1995 साली बॉब नावाची आज्ञावली बाजारात आणली. तीत एक चित्रमय घर होते आणि वाट दाखवायला रोव्हर नावाचा कुत्रा होता. ती लोकांना रुचली नाही. पाठोपाठ ऑफिस 97 या आज्ञावलीबरोबर आली ती केव्हन ॲटबेरी यांनी रेखाटलेली कागदाची क्लिप, अर्थात क्लिपी. कोणी पत्राचा मायना लिहितो न लिहितो तोच ही क्लिप भुवया उडवीत उभी राही आणि म्हणे, आपण पत्र लिहीत आहात असे दिसते. साह्य करू काय? पत्र नोकरीच्या अर्जाचे असो की एखाद्याच्या मृत्यूनंतरच्या सांत्वनाचे असो, तिच्या भुवया त्याच उत्साहाने उडत. लोक इतके त्रासले, की 2001 साली नवी आवृत्ती विकताना कंपनीने क्लिपीच्या बेकारीवरच विनोदी चित्रफिती काढल्या! ज्याला सेवक म्हणून घरोघर पाठविले त्याच्याच फजितीची पुढे जाहिरात करायची, हा प्रकार व्यापाराच्या इतिहासातही विरळाच म्हणावा लागेल. 2007 च्या आवृत्तीत तिला कायमची रजा मिळाली.

परंतु या कथेचे मला सर्वांत उद्बोधक वाटणारे उपाख्यान पुढेच आहे. नास यांनी 2010 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एका प्रयोगाची हकीकत सांगितली आहे. त्यांनी क्लिपीमध्ये एक लहानसा फेरफार केला. साह्य उपयोगी पडले नाही असे कोणी म्हटले, की ही नवी क्लिपी स्वतःच रागावे आणि म्हणे, चला, ही साह्ययोजना किती वाईट आहे ते आपण कंपनीला कळवू या. तिरस्काराचा विषय झालेली तीच क्लिप त्या लोकांना एकदम आवडू लागली! या प्रयोगाचा मी लावतो तो अर्थ असा, की माणसाला गोड चेहरा नको असतो. आपले गाऱ्हाणे वरपर्यंत नेणारा कोणी तरी हवा असतो.

हे तत्त्व मला ग्रंथात उमगले त्याहून अधिक माझ्या आत्यामुळे उमगले. आत्याचे वय चौऱ्याऐंशी. महापालिकेच्या शाळेत तिने चौतीस वर्षे शिकविले आणि आता मुलुंडच्या एका बँकेत तिचे निवृत्तिवेतन जमा होते. दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. बोटांचे ठसे घेऊन हे काम यंत्राने करण्याची सोय 2014 पासून आहे. परंतु खडूने आणि वयाने झिजलेल्या तिच्या बोटांवरच्या रेषा त्या यंत्राला वाचता येत नाहीत. म्हणून तिने यंदा कागदी दाखला स्वतः नेऊन दिला आणि पोचही घेतली. तरीही जानेवारीचे पैसे जमा झाले नाहीत.

बँकेच्या आज्ञावलीत तांबडा टाय बांधलेला एक हिरवा पोपट आहे. आत्या सांगत गेली आणि मी फोनवर टिपीत गेलो. निवृत्तिवेतन जमा झाले नाही, असे लिहिले. पोपटाने पंख फडफडवून विचारले, आपणांस सोनेतारण कर्जाची माहिती हवी आहे काय? हयातीचा दाखला दिलेला आहे, असे लिहिले. पोपट म्हणाला, आयुर्विम्याच्या आकर्षक योजना पाहा. तिसऱ्या खेपेस त्याने आमचा निरोप घेतला आणि आपल्या सेवेला पाच तारे मागितले. आत्या क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "अरे, मी जिवंत आहे हे ऐकून घ्यायला समोर जिवंत माणूस नको का रे?"

दुसऱ्या दिवशी आम्ही शाखेत गेलो. पूर्वी जेथे निवृत्तिवेतनाची खिडकी होती तेथे त्याच पोपटाचा पुठ्ठ्याचा पुतळा उभा होता. खिडकीपलीकडचे ते जुने कारकून काही देवमाणूस नव्हते. ते खेकसत, चहाला उठून जात. पण आत्याला नावाने ओळखत. त्या दिवशी दारात आज्ञावलीच्या प्रचाराचा सोहळा चालला होता. मखमली पोपटाचा पोशाख घातलेला कोणी एक इसम मुलांना फुगे वाटीत नाचत होता. आत्या काठी टेकीत सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि शाळेतल्या आवाजात म्हणाली, "बाळा, मला तुझ्याशी बोलायचे आहे."

पोपटाने शिकविल्याप्रमाणे दोनदा मान डोलावली. आत्या हलली नाही. तेव्हा त्याने इकडे तिकडे पाहिले आणि दोन्ही पंखांनी आपले डोके उचलून काढले. आत विशीचा एक मुलगा घामाने निथळत होता. "आजी, बसा तुम्ही," तो म्हणाला. तो बँकेचा नोकर नव्हताच. जाहिरातवाल्यांनी रोजंदारीवर आणलेला होता. काही झाले तरी डोके काढायचे नाही आणि बोलायचे नाही, अशी त्याला सक्त ताकीद होती. त्याने आत्याची पोच घेतली, तो तसाच हिरव्या पायांनी जिना चढून वर गेला आणि एका अधिकारीबाईंना घेऊन खाली आला. दाखला खणात पडून होता. त्याची नोंद तेवढी राहिली होती. तिसऱ्या दिवशी पैसे जमा झाले. रथसप्तमी अजून व्हायची होती. आत्याने पिशवीतून तिळाची वडी काढून त्याच्या हातावर ठेवली, आणि तो पुन्हा डोके चढवून नाचू लागला.

2009 साली क्रिकेटच्या सामन्यांच्या वेळी व्होडाफोन कंपनीच्या जाहिरातींत झळकलेले ते पांढरे झूझू पुष्कळांना आठवत असतील. प्रकाश वर्मा यांनी दिग्दर्शित केलेल्या त्या जाहिराती लोकांना हलती चित्रे वाटल्या. वस्तुतः त्या फुगीर पोशाखांच्या आत खरी माणसे होती. आजचा प्रकार नेमका उलट आहे. पडद्यावरचा पोपट माणसाप्रमाणे आपले नाव घेऊन बोलतो आणि आत कोणीच नसते. यशवंत पाध्ये यांनी 1916 साली घडविलेला आणि पुढे रामदास पाध्ये यांनी रंगमंचावर नांदविलेला अर्धवटराव वाटेल ते बोलतो. पण जीभ कोणाची हे प्रेक्षागृहातल्या शेवटच्या रांगेलाही ठाऊक असते. बाहुलीचा वात्रटपणा आपण हसून सोसतो, कारण तिचा जबाबदार माणूस तिच्याशेजारीच बसलेला असतो.

यंत्राच्या सोयींचा मीही लाभ घेतो. विजेचे देयक भरण्यासाठी रांगेत उभे राहण्याची हौस मला उरलेली नाही. यंत्रे आता पूर्वीपेक्षा पुष्कळ समंजसपणे उत्तरे देऊ लागली आहेत. उद्या हा पोपट कदाचित माझ्याहून शुद्ध मराठी बोलेल. परंतु बोलणे सुधारले म्हणून उत्तरदायित्व आपोआप येत नाही. चूक झाली असता 'ही माझ्याकडून राहिली' असे म्हणणारा कोणी तरी असावा लागतो, आणि ते म्हणण्यासाठी नाव लागते, मेज लागते, प्रसंगी खाली मान घालावी लागते. चित्राला मान डोलावता येते; खाली घालता येत नाही.

तेव्हा माझी मागणी अगदी लहान आहे. पोपट खुशाल राहू द्यावा. मुलांना तो आवडतो. फक्त त्याच्याशेजारी एक खुर्ची मांडावी, तीवर बसणाऱ्याच्या नावाची पाटी लावावी आणि त्याच्या भेटीची वेळ लिहावी. आत्याच्या पुढच्या दाखल्याला नोव्हेंबरपर्यंत अवकाश आहे. एक खुर्ची मांडायला तेवढा वेळ पुरावा.