आमच्या संगणकाची मराठी

आमची शाळा जिल्हा परिषदेची आहे. धडगाव तालुक्यात डोंगरावर आमचा पाडा आहे. मी इयत्ता ४ थीत शिकतो. शाळेत एक जुना संगणक आहे. तो कोणीतरी भेट दिलेला. त्यात विंडोज एक्सपी आहे. ती २००१ साली निघाली, आणि मी जन्मायच्या आधीच, एप्रिल २०१४ मध्ये, कंपनीने तिची देखभाल बंद केली. गुरुजी म्हणतात, म्हातारा आहे पण चालतो ना, चालू द्या.

यंदा आम्ही सर्वांनी होळीवर निबंध लिहिले. पालकसभेच्या आधी ते छापून भिंतीवर लावायचे होते. मी टाइप करायला बसलो. एकेक अक्षर शोधावं लागतं, पण मला मजा वाटते. एक पान झालं आणि बघतो तर काय, सगळ्या पानावर लाल नागमोडी रेघा! ‘आहे’ खाली रेघ, ‘आम्ही’ खाली रेघ. मुलं हसायला लागली. मी म्हटलं, ‘आहे’ तर पुस्तकातपण असंच आहे!

गुरुजींनी चष्मा लावून पाहिलं. ‘घर’ खाली रेघ नव्हती. ‘होळी’ खाली होती. त्यांनी ‘होली’ लिहून पाहिलं तर रेघ गेली! गुरुजी मोठ्याने हसले. म्हणाले, "अरे, हा हिंदीचा शब्दकोश घेऊन मराठी तपासतोय. मराठीचा कोश याच्यात नाहीच."

मंग शोध सुरू झाला. आम्ही लिहितो त्या प्रोग्रामचं नाव लिब्रेऑफिस. त्याची नवी आवृत्ती एक्सपीवर चालत नाही. एक्सपीवर चालणारी शेवटची ५.४, ती २०१७ सालची. आमच्याकडे तीच आहे. पाड्यावर रेंज येत नाही, म्हणून गुरुजी बाजाराच्या दिवशी धडगावला गेले आणि पेनड्राइव्हवर एक फाइल घेऊन आले. ती घातली तर बटणांची नावं तेवढी मराठी झाली. रेघा तशाच! पुढच्या बाजाराला दुसरी फाइल आणली. ती बरोबर निघाली.

ती फाइल म्हणजे एक गाठोडं असतं. गुरुजींनी ते सोडून दाखवलं. आत दोन मुख्य फाइली. एकीत नुसते शब्द, एका खाली एक, आणि पहिल्या ओळीत किती शब्द आहेत तो आकडा. दुसरीत नियम. ‘झाड’ हा शब्द एकदाच लिहायचा आणि ‘झाडाला, झाडाने, झाडाचा’ हे नियमावरून ओळखायचं. नाहीतर यादी केवढी लांब झाली असती! मला ही युक्ती फार आवडली.

गुरुजींनी मागच्या वर्षाची एक फाइलपण उघडली. ती जुन्या फाँटातली. दिसायला मराठी, पण आत इंग्रजी अक्षरं, वरून मराठीचा सदरा. तिथे कोशाचा काही उपयोग नाही. ती सगळी पुन्हा टाइप करावी लागणार.

आता ‘सुर्य’ लिहिलं की संगणक ‘सूर्य’ सुचवतो. पण एका मुलाने ‘प्रजासत्ताक दीन’ लिहिलं तरी तो गप्पच! कारण ‘दीन’ म्हणजे गरीब, तोही शब्द खरा आहे.

माझ्या निबंधातल्या काही शब्दांखाली मात्र रेघ राहिली. ‘बुध्या’खाली राहिली. काठीच्या होळीत अंगाला राख लावून नाचतात ते बुध्या. माझी आजी म्हणाली, "तुमच्या मशीनला आमची होळी माहीत नाही का रे?" गुरुजींनी ‘शब्दकोशात टाका’ हे बटण दाखवलं. पण टाकायचं कसं लिहून? मी ‘बुध्या’ लिहितो, माझा मित्र ‘बुद्या’ लिहितो. बोलताना दोघांचं सारखंच ऐकू येतं. गुरुजी म्हणाले, "दोन्ही टाक." मी दोन्ही टाकले.

हे शब्द फक्त ह्याच संगणकात राहतात. तो बंद पडला तर तेही जातील. म्हणून आम्ही एक वही केली आहे. ती कपाटात वरच्या कप्प्यात आहे. आतापर्यंत ३१ शब्द झाले. सभेला आलेल्या आयांनी आणि बाबांनी घरचे, शेतातले, सणाचे शब्द सांगावेत. सावकाश सांगा, मी लिहून घेईन.